कर्ता: पाय

फॉर्मचा पहिला प्रश्न: काय घडलं, एका वाक्यात.
ऐंशी अक्षरांची चौकट.
लाशीनच्या गोदामात अकरा हिवाळे
मी तेच वाक्य टाइप करते आहे:
कामगाराचा पाय घसरला.

सरळ वाक्य. कर्ता पाय.
जशी पायालाच हौस आली होती
घसरायची, सकाळी सव्वानऊला, कामावर असताना.

आज फ्रित्झनेल.
द्रोले रस्ता, हिरवा जिना.
मॉन्ट्रियलच्या जुन्या घरांनी जिने बाहेर काढून ठेवलेत,
आत एखादी खोली जास्त निघावी म्हणून.
भाडं आत, बर्फ बाहेर.
लोखंडी, गोल, मध्येच अंग चोरून वळणारे.
पर्यटक त्यांचे फोटो काढतात. उन्हाळ्यात.

काल दुपारी पाऊस, रात्री उणे अठरा.
पायऱ्यांवर काच बसलेली, दिसत नव्हती.
नववी पायरी की दहावी, त्याला आठवत नाही.
"मोजत होतो, मादाम सोलांज, पण खोके.
अजून एकशे बारा."

रेलिंग धरलं होतं का?
हे मी विचारत नाही, फॉर्म विचारतो.
फोनवर तो हसला, मग कळवळला.
"खोका अठरा किलोचा. दोन हात त्याच्याखाली.
तिसऱ्याचं लिहायचं तर लिहा, खिशात होता."

बुटांना खिळ्यांचे पट्टे लावले होते का?
"लावले की व्हॅनचं पेडल निसटतं.
काढायचे, घालायचे, घरागणिक दोन मिनिटं.
ती मिनिटं कुठल्या रकान्यात टाकू, सांगा."
असा रकाना नाही. मी पुढे सरकते.

इजा: मनगट, आणि माकडहाड.
"माकडहाडाचं रोझमेनला कळवू नका.
आधी हसेल ती, मग रडेल.
मनगटाचंच सांगा."

छातीवरचं यंत्र शाबूत होतं.
तो बर्फात उताणा, आणि ते हनुवटीखालून
टिवटिवत सांगत होतं: नऊ मिनिटं मागे.
म्हणून त्यानं पडल्यापडल्या फोटो काढला.
फाइलमध्ये आहे तो.
तिरकं आकाश, अर्धा हातमोजा,
फुटलेला खोका,
पायऱ्यांवर ओघळलेली राखाडी वाळू.
यंत्रानं मान्य केला. पार्सल पोहोचलं.

मांजराच्या शौचपेटीत घालतात ती वाळू.
वरून तिबोदो म्हातारा खाली आला,
बसून, एकेक पायरी सरकत,
अंगातला कोट काढून त्याच्यावर घातला
आणि रुग्णवाहिका येईपर्यंत, म्हणजे पन्नास मिनिटं,
तिसऱ्या पायरीवर स्वेटरनिशी बसून राहिला.
पुन्हा पुन्हा तेच सांगत होता:
मीठ रविवारी संपलं.
गुडघ्यांमुळे दुकानापर्यंत जाणं होत नाही.
घरात मांजर नाही.
वाळू या जिन्यासाठीच मागवली होती.

"मला राग येईना," फ्रित्झनेल म्हणाला.
"शोधला खूप. पडल्यापडल्या वेळ होता."

रुग्णवाहिकेतली मुलगी म्हाताऱ्याला
दंडाला धरून वर सोडून आली,
त्या सांडलेल्या वाळूवरून, करकर वाजवत.
तिचा पाय घसरला नाही. म्हाताऱ्याचाही नाही.

चार वाजता मुदत. बाहेर दिवे लागलेत.
सोमवारच्या फेरीवर दुसऱ्याचं नाव चढलंय,
नवा मुलगा, अजून बूट घेतलेले नाहीत त्यानं.
मी चौकटीत टाइप करते,
या वेळी दुसऱ्या टोकापासून:

पावसावर थंडी पडली, जिना मिठाविना राहिला,
खोका अठरा किलोचा, नऊ मिनिटं उशीर, आणि

चौकट पुढे घेत नाही.
पाय राहिला वाक्याबाहेर.
तसंच पाठवलं.